गव्हर्नर काढलेले छोटे इंजिन

उसाची भर लावणारा पॉवर वीडर, डाळिंबावर औषध मारणारा फवारणी पंप आणि ओढ्यातून पाणी उचलणारा छोटा पंप या तिन्ही यंत्रांवर बहुधा एकाच घडणीचे इंजिन बसवलेले असते. एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, सुमारे २०० सीसीचे आणि पेट्रोलवर चालणारे. बारामतीच्या ऊसपट्ट्यात, इंदापूरच्या फळबागांत आणि उजनीच्या फुगवट्याकाठी ही इंजिने आता नेहमीची झाली आहेत. त्यांचा वेग मिनिटाला साधारण ३६०० फेऱ्यांच्या आसपास राखलेला असतो आणि आतला प्रत्येक भाग तेवढ्याच वेगाच्या हिशेबाने बनवलेला असतो.

वेग राखण्याचे काम गव्हर्नर करतो. क्रँककेसमध्ये एक छोटे गिअर फिरते व त्यावर दोन वजने असतात. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात, त्यांची हालचाल दांडीमार्फत कार्ब्युरेटरपर्यंत जाते आणि थ्रॉटल मिटू लागते. लोड आला की स्प्रिंग ते पुन्हा उघडते. रेस वाढावी म्हणून ही स्प्रिंग ताणली जाते, कधी दांडीच सोडून दिली जाते. लोडवर चालताना त्यात काही वावगे दिसत नाही. धोका लोड अचानक सुटतो तेव्हा असतो. वीडर बांधावर मातीबाहेर उचलला, पंपाने पाण्याऐवजी हवा ओढली किंवा पट्टा तुटला, की काही क्षणांत इंजिन वाटेल तेवढ्या वेगाने पळते.

वेग दीडपट झाला की आतले भाग ओढणारा जोर दीडपट वाढत नाही, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे सव्वादोनपट होतो. ५४ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन आणि पिन मिळून २०० ग्रॅम वजन धरले, तर ३६०० फेऱ्यांवर पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटताना कनेक्टिंग रॉडवर जवळपास १०० किलोची ओढ पडते. ५४०० फेऱ्यांवर हीच ओढ सव्वादोनशे किलोंच्या पुढे जाते आणि ती मिनिटाला ५४०० वेळा बसते. या इंजिनांचा रॉड ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. खालच्या टोकाला बहुतेकदा वेगळे बेअरिंग नसते, तेल नुसते उडवून पोचवले जाते. तेल कमी असेल तर रॉड तापतो, क्रँकला चिकटतो आणि तुटतो. तुटलेला तुकडा क्रँककेस फोडून बाहेर पडू शकतो.

फ्लायव्हील याहून घातक. १८ सेंटिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलची कड ३६०० फेऱ्यांवर ताशी सुमारे १२० किलोमीटरने धावते, ५४०० वर १८० ने. ओतीव धातूत बारीक चीर असेल, तर ते फुटू शकते आणि पातळ पत्र्याचे झाकण त्याचे तुकडे अडवण्यासाठी बनवलेले नसते. हात, पाय किंवा डोळा जाण्याची भीती खरी आहे, आणि यंत्रामागे चालणारा माणूस इंजिनापासून हातभर अंतरावर असतो.

गो-कार्टच्या शर्यतीसाठी हीच इंजिने जास्त वेगाने पळवतात, तेव्हा आतले भाग एकत्रच बदलतात. अखंड ठोकळ्यातून कोरलेला, बेअरिंग बसवलेला रॉड, तशाच पद्धतीने बनवलेले फ्लायव्हील आणि ताठ व्हॉल्व्ह स्प्रिंग. मूळ स्प्रिंग जास्त वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बंद करू शकत नाही. यातला एकच भाग बदलून भागत नाही. ताठ स्प्रिंग एकटीच टाकली तर इंजिन आणखी वर चढते आणि जुना रॉड लवकर जातो. रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावे लागतात. हाताच्या अंदाजावर ते सोडता येत नाहीत. गव्हर्नरचे गिअर काढले तर त्याच्या दांडीचे भोकही पक्के बुजवावे लागते. नाहीतर तिथून तेल झिरपते आणि पुन्हा रॉडच अडचणीत येतो.

शेतीच्या कामासाठी मात्र हा खर्च करू नये. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राचा वेग वाढवायचा असेल तर पुलीचे माप बदलावे, इंजिनाला हात लावू नये. तेही जपूनच, कारण सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. पंप १० टक्के जास्त फिरवला तर ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. तेवढी इंजिनात नसेल तर मोठे इंजिन घेणे हाच सरळ मार्ग.

डिझेल इंजिनात गव्हर्नर बिघडला तर परिस्थिती जास्त बिकट होते, कारण डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे करंट तोडून ते थांबवता येत नाही. डिझेलचा पुरवठा तोडावा किंवा हवेची वाट बंद करावी. हवा हाताने मात्र अडवू नये, जाड फळी वापरावी.

गव्हर्नर पुन्हा बसवल्यावर किंवा आतले भाग बदलल्यावर पहिली चाचणी बिनलोड, टॅकोमीटर लावून घ्यावी. तेलाची पातळी आधी तपासावी, बंद करण्याचे बटण चालते का ते पाहावे, आणि फ्लायव्हील ज्या रेषेत फिरते त्या रेषेत कोणीही, विशेषतः लहान मूल, उभे राहू देऊ नये.