आरए २५ टक्के : म्हणजे नक्की किती?

चाकण-भोसरीकडच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये कार्बुराइज केलेल्या गिअरचं ड्रॉइंग आलं, की केस डेप्थ आणि हार्डनेसच्या खाली बहुधा आणखी एक ओळ असते : रिटेन्ड ऑस्टेनाइट कमाल २५ टक्के. शॉपच्या बोलीत ‘आरए’. रिपोर्टमध्ये २२ आलं तर लॉट पास. २८ आलं तर फोनाफोनी सुरू. एक लॅब २८ म्हणते, दुसरी १५. यात कुणीतरी चुकलंच असेल असं नाही. आरए कुठे मोजला, कशानं मोजला आणि तो जॉब कुठे बसणार आहे, हे कळेपर्यंत तो आकडा अर्धवटच असतो.

मुळात ऑस्टेनाइट उरतो का? २०एमएनसीआर५ हे गिअरसाठी सर्रास वापरलं जाणारं पोलाद; त्यात कार्बन सुमारे ०.२ टक्के. कार्बनयुक्त वायूत ९३० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवल्यावर वरच्या थरात, म्हणजे केसमध्ये, तो ०.८ टक्क्यांपर्यंत चढतो. या तापमानाला पोलाद ऑस्टेनाइटच्या रूपात असतं. तेलात क्वेंच केल्यावर त्याचं कडक मार्टेन्साइट व्हावं, ही अपेक्षा. पण हा बदल एका ठरावीक तापमानाखालीच सुरू होतो आणि कार्बन वाढेल तसं ते तापमान घसरतं. अँड्र्यूज यांच्या १९६५च्या सूत्रानं मांडलं, तर आतल्या गाभ्यात, म्हणजे कोअरमध्ये, बदल ४०० अंशांच्या आसपास सुरू होतो; ०.८ टक्के कार्बनच्या केसमध्ये थेट १५० अंशांवर. तो पूर्ण व्हायला शून्याच्या बराच खालचा गारवा लागतो, आणि तेलाची टाकी काही तेवढी थंड नसते.

जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतल्या कोइस्टिनेन आणि मारबर्गर यांनी १९५९मध्ये उरणाऱ्या ऑस्टेनाइटचं समीकरण दिलं. बदल १५० अंशांना सुरू झाला आणि जॉब २५ अंशांपर्यंत निवला, तर सुमारे २५ टक्के ऑस्टेनाइट उरतो. निवणं ६० अंशांवरच थांबलं, तर ३७ टक्के. केसमधला कार्बन ०.९५ टक्के झाला, तर २५ अंशांनाही जवळजवळ निम्मा. इतक्या कार्बनला ही सूत्रं ढोबळच ठरतात, पण कल दाखवायला पुरतात. भट्टीतलं कार्बन पोटेन्शिअल जरा वर गेलं, की आरए लगेच चढतो. दाताच्या टोकाला कार्बन दोन्ही बाजूंनी शिरतो, म्हणून तिथला आरए बाजूच्या फ्लँकपेक्षा जास्त निघतो. रिपोर्टवर जागा लिहिलेली नसेल, तर पहिला गोंधळ इथेच.

दुसरा गोंधळ पद्धतीचा. नमुना कापून, पॉलिश करून नायटल या रसायनानं एच केला, की मायक्रोस्कोपखाली मार्टेन्साइटच्या गडद सुयांमध्ये ऑस्टेनाइटचे पांढरे ठिपके दिसतात. मग रंगाच्या शेडकार्डाशी भिंत ताडून पाहावी, तसं ते चित्र छापील चार्टशी जुळवायचं. स्वस्त, झटपट, पण डोळ्याचा अंदाज. सुयांच्या फटींतला बारीक ऑस्टेनाइट त्यात सुटतोच, त्यामुळे आरए १०-१५ टक्क्यांच्या खाली असेल तर या पद्धतीवर फार विसंबू नये. शिवाय नायटलमध्ये कार्बाइडही पांढरंच राहतं.

एक्स-रे डिफ्रॅक्शन (एएसटीएम ई९७५) दोन्ही रचनांच्या किरणशिखरांची तुलना करतं, म्हणून बारीक ऑस्टेनाइटही पकडतं. एकाच जॉबवर एक्स-रेचा आकडा चार्टपेक्षा मोठा येणं त्यामुळे नेहमीचंच. पण हे किरण पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनच पोचतात. ग्राइंडिंग किंवा शॉट पीनिंगनं त्या कातडीतल्या ऑस्टेनाइटचं आधीच मार्टेन्साइट झालेलं असेल, तर आकडा फसवा कमी येतो. इलेक्ट्रोपॉलिशिंगनं थर काढत खोलीनुसार मोजलं, तरच खरं चित्र मिळतं.

आता प्रश्न चांगल्या-वाईटाचा. ऑस्टेनाइट मऊ. तो फार झाला, की हार्डनेस ५८ एचआरसीच्या खाली उतरू शकतो. पुढे वापरात त्याचं मार्टेन्साइट झालं, तर त्या भागाचं आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढतं. गेज किंवा अचूक बेअरिंगला ही वाढ चालत नाही. तिथे उणे ८० अंशांची सबझिरो ट्रीटमेंट करतात. वरच्याच समीकरणानं २५ टक्क्यांचे ८ होतात, पण त्यासाठी क्वेंचनंतर वेळ दवडायचा नाही; थांबलं की ऑस्टेनाइट स्थिरावतो.

पण कमी तेवढं चांगलं, हा समजही टिकत नाही. घाण तेलात फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये कण दबून खळगे पडतात. खळग्याच्या काठाशी साचणारा ताण ऑस्टेनाइट शोषून घेतो आणि दाबाखाली स्वतः मार्टेन्साइट होत तिथे दाबताण निर्माण करतो. जपानच्या एनएसकेनं आपली ‘टीएफ’ बेअरिंगं पृष्ठभागात मुद्दाम जास्त ऑस्टेनाइट राखून घडवली. गिअरच्या फ्लँकवर पिटिंगविरुद्धही माफक ऑस्टेनाइट उपयोगी ठरतो. तेव्हा रिपोर्टमध्ये २८ दिसताच सरसकट सबझिरो करणं म्हणजे खर्च वाढवून आयुष्य घटवणंही ठरू शकतं.

यावर तोडगा ड्रॉइंगवरच निघतो. नुसतं ‘कमाल २५ टक्के’ न लिहिता, ‘फ्लँकवर, पिच लाइनपाशी, ०.०५ मिमी खोलीवर, एक्स-रेनं, ग्राइंडिंगपूर्वी, किमान इतका, कमाल इतका’ असं लिहावं. मग दोन लॅब निदान एकाच गोष्टीबद्दल बोलतील आणि त्यानंतरही आकडे जुळले नाहीत, तर भट्टीचा कार्बन आणि तेलाचं तापमान तपासायला अर्थ राहील.