कबुतरासाठी सजलेलं फळ

श्रीखंडात आपण किसून घालतो ते जायफळ अठराव्या शतकापर्यंत साऱ्या जगाला चिमूटभर बेटांवरूनच मिळायचं, हे खरं वाटतं का? आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू प्रांतातली ही बांदा बेटं. सात हजार मीटरहून खोल जाणाऱ्या समुद्रातून वर आलेली, मधोमध गुनुंग आपी हा जागता ज्वालामुखी. १९८८ साली तो फुटला, लाव्हा समुद्रात उतरला, आणि पाचच वर्षांत त्यावर शंभराहून जास्त जातींची प्रवाळं वाढली!

पण खरी कमाल झाडावर आहे. जायफळाचं पिवळसर फळ पिकलं की फांदीवरच मधोमध उकलतं. आत काळपट तपकिरी, चकचकीत कवच, आणि त्याला घट्ट बिलगलेली लालभडक जाळी. ही जाळी म्हणजे जायपत्री. कवच फोडलं की आत जायफळ. एकाच फळात दोन मसाले!

हा थाट कोणासाठी? आपल्यासाठी मुळीच नाही. तो आहे तिथल्या मोठ्या, फळं खाणाऱ्या कबुतरांसाठी. लाल रंग दिसला की कबुतर कवचासकट बी गिळतं, जायपत्री पचवतं आणि बी दूर कुठेतरी टाकून देतं. जायपत्री म्हणजे झाडानं कबुतराला दिलेली हमाली.

त्याच फळापायी माणसं मात्र जहाजं घेऊन निघाली. मलाक्काच्या बाजारातून जायफळ भारतात, अरबस्तानात आणि पुढे युरोपात जायचं. प्लेगवर ते गुणकारी आहे, अशीही तिकडे समजूत होती. १५१२ साली पोर्तुगीज थेट बांदाला पोचले. मग डच आले, आणि पुढचं वाचताना मन सुन्न होतं. सगळा व्यापार आपल्याच हाती यावा म्हणून १६२१ साली यान पीटरझोन कून यानं बेटांवर हल्ला केला. तिथल्या अंदाजे पंधरा हजार रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीनं गेले, गुलाम झाले किंवा पळाले. चव्वेचाळीस प्रमुखांची मुंडकी उडवली. मग बागांचे ६८ वाटे पाडून डचांनी तिथे गुलाम राबवले.

यातलं रुन हे बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब. त्यावर इंग्रजांचा हक्क होता. १६६७ च्या ब्रेडा तहात तो त्यांनी सोडला आणि डचांनी अमेरिकेतल्या मॅनहॅटनवरचा. तेव्हा डचांना आपलीच बाजू फायद्याची वाटली असेल, तर नवल नाही!

बी रुजू नये म्हणून डच जायफळं चुन्यात बुडवून विकत. तरी १७७० साली प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसानं रोपं मॉरिशसला आणवलीच. पुढे इंग्रजांनी बांदा जिंकून रोपं श्रीलंका, पेनांगला नेली. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाच्या तर झेंड्यावरच आज जायफळ आहे.

आणि कोकणात? नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ छान येतं. फक्त बियांपासून केलेलं झाड नर की मादी, हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षं तरी, कळत नाही. आणि फळ धरतं ते मादीला. म्हणून बागायतदारांनो, लावायचं तर मादी झाडाचं कलमच लावा.