कानावर की कानात? वॉकमनपासूनचा मागोवा

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानात विक्रीला आला तेव्हा लोक त्या निळ्या-रुपेरी पेटीवर लुब्ध झाले. पण पेटीइतकीच मोलाची होती ती तिच्यासोबत आलेली हेडफोनची जोडी. तोवर चांगले म्हणवले जाणारे हेडफोन तीन-चारशे ग्रॅम वजनाचे असत. हे जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपासचे होते. धातूची बारीक पट्टी आणि दोन टोकांना स्पंजच्या चकत्या. डोक्यावर वीट ठेवल्यासारखं न वाटता माणूस गाणं ऐकत रस्त्याने चालू शकला, तो या चकत्यांमुळे.

त्याआधी हेडफोन ही बसून वापरायची वस्तू होती. १९१० साली अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन या माणसाने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते घेतले अमेरिकी आरमाराने. संदेश ऐकणारे, टेलिफोन एक्स्चेंजमधले, विमानातले लोक कानाला यंत्र लावून बसत, ते कामासाठी. संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन आले १९५८ मध्ये, मिल्वॉकीच्या जॉन कॉस यांच्याकडून, आणि तेही रेकॉर्ड प्लेअरशेजारी खुर्ची ओढून बसणाऱ्यांसाठी. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने पिवळ्या फोमच्या गाद्यांचा ‘एचडी ४१४’ आणला. हा पहिला उघडा हेडफोन. म्हणजे मागची बाजू बंद नाही, हवा आरपार जाणार, बाहेरचं सगळं आत येणार आणि आतलं बाहेर. आवाज मोकळा वाटतो तो त्यामुळेच. पण खोली शांत असेल तर.

आपल्याकडे वॉकमन आला तो आखातात नोकरीला गेलेल्या काका-मामांच्या बॅगेतून, किंवा मुंबईत मनीष मार्केट आणि लॅमिंग्टन रोडवरून. कॅसेटचा जमाना भरात होता. भीमसेन, कुमार, किशोरीताई यांच्या कॅसेटी घरोघरी होत्या आणि त्या पहिल्यांदाच प्रवासात सोबत आल्या. अडचण लगेच कळली. स्पंजच्या चकत्या बाहेरचा कुठलाच आवाज अडवत नाहीत. एसटीच्या मागच्या बाकावर बसलं की इंजिनाची घरघर वरचढ. उपाय एकच ठाऊक होता: आवाजाचं चाक पुढे सरकवायचं. ही सवय तिथे लागली आणि पुढच्या पिढ्यांनी ती जशीच्या तशी उचलली.

या साऱ्या काळाकडे आज पाहताना मला एक गोष्ट ठळक दिसते. कानावरचे की कानातले, हा कौल दरवेळी बदलला तो लोक कुठे बसून, कुठे उभे राहून ऐकतात त्यानुसार. आवाजाच्या दर्जावर वाद रंगले जरूर, पण निकाल लागला तो जागेवर. आणि खरेदी करताना आपण नेमका हाच प्रश्न विचारत नाही.

ऐंशीच्या दशकात सोनीनेच कानाच्या पाळीत अडकणारी छोटी बटणं आणली. ती पुढे इतकी पसरली की इअरफोन म्हटलं की तीच डोळ्यांसमोर यावीत. २००१ च्या आयपॉडने त्यांना पांढरी वायर दिली आणि मिरवायची वस्तू केलं. आपल्या गावागावांत मात्र ती रुजली मोबाइलमधल्या एफएममुळे. त्या फोनमध्ये इअरफोनची वायर हाच रेडिओचा अँटेना असे, म्हणून ती टोचल्याशिवाय रेडिओ सुरूच होत नसे. दुकानात बसलेला पोरगा, रिक्षावाला, रात्रपाळीचा वॉचमन, सगळ्यांच्या एका कानातून वायर लोंबू लागली ती तेव्हापासून. ही बटणं कानात पोचतच नव्हती, उंबऱ्यावर रेंगाळत. खालचे स्वर गळून जात, बाहेरचा गोंगाट शिरे. स्वस्त होती, सुटसुटीत होती, आणि ऐकण्याच्या दृष्टीने कानावरचे, ही बटणं आणि कानात खोल जाणारे अशा तिन्ही प्रकारांत सगळ्यात वाईट होती असं माझं स्पष्ट मत आहे.

कानाची वाट खरोखर बंद करणारे इअरफोन आले वेगळ्याच घराण्यातून. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेले मीड किलियन यांनी १९८३ मध्ये ‘इटिमॉटिक रिसर्च’ ही संस्था काढली आणि १९९१ मध्ये ‘ईआर-४’ बाजारात आणला. श्रवणयंत्रात बसणारा इवलासा ध्वनिघटक, पुढे रबराच्या तीन चकत्या, आणि तो कानात इतका खोल जायचा की पहिल्यांदा घालणारा दचके. पण नीट बसला की बाहेरचा आवाज तीस-पस्तीस डेसिबलने खाली जाई. बॅटरी नाही, सर्किट नाही, नुसती घट्ट बसलेली डाट.

दुसरा धागा रंगमंचाचा. रॉक कार्यक्रमात गायक-वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून पायाशी मोठमोठे स्पीकर ठेवत. ते ऐकू येण्यासाठी आणखी मोठे करत. आणि कलाकारांचे कान हळूहळू जात. व्हॅन हेलन या बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाचा साचा घेऊन इअरफोन बनवले आणि त्यातून १९९५ मध्ये ‘अल्टिमेट इअर्स’ उभी राहिली. आज ज्यांना शौकीन ‘आयईएम’ (इन-इअर मॉनिटर) म्हणतात, ते या कुळातले. वायर कानावरून मागे वळवून घालायची पद्धतही मंचावरचीच. वायर कपड्यांना घासली की तिची खरखर थेट कानात येते, ती या वळणाने बरीच कमी होते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण कानातल्या इअरफोनचं सगळं यश-अपयश एका रबरी टोपीवर अवलंबून आहे. डब्यात तीन मापांची रबरं येतात. बहुतेक लोक आधीपासून लावलेलं मधलं रबर तसंच ठेवतात आणि बाकीची पुडी हरवतात. दोन्ही कान एकाच मापाचे असतीलच असंही नाही. घालताना उलट्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे आतली वळणदार वाट सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत सरकवायचा आणि पाळी सोडायची. फोमची टोपी असेल तर बोटांनी चुरगाळून बारीक करायची आणि आत गेल्यावर ती फुगेपर्यंत हात धरून ठेवायचा. बसलं की नाही हे तपासायला विलंबित ख्याल लावा. तबल्याचा डावा हात ऐका. डग्ग्याची घुमक भरीव, गोल लागली आणि तंबोऱ्याचा खर्ज खाली पसरलेला जाणवला, तर बसलं. डग्गा डबा वाजवल्यासारखा कोरडा लागला, तर कुठेतरी फट आहे. महागड्या इअरफोनला ‘यात बेसच नाही’ म्हणून नावं ठेवणारे निम्मे लोक या फटीचे बळी असतात.

लोकलचा, बसचा आवाजही मुख्यतः खालच्या पट्टीचा असतो: चाकांची धडधड, इंजिन, पंखे. खालचा मोठा आवाज वरचे नाजूक आवाजही गिळतो. म्हणून गाडीत आधी डग्गा जातो, मग तंबोरा, मग गायकाचा मंद्र, आणि शेवटी आपण नुसतं तारसप्तक ऐकत बसतो. उघडे हेडफोन कितीही उत्तम असोत, इथे त्यांचा इलाज नाही.

या खालच्या आवाजावर दुसरा उतारा काढला तो अमर बोस यांनी. बोस एमआयटीत प्राध्यापक, वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानातल्या हेडफोनवर त्यांना धड काही ऐकू येईना. बाहेरच्या आवाजाची उलटी लहर तयार करून तो खोडून काढायचा, या कल्पनेचं गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट व्हायला १९८९ उजाडलं आणि सामान्य प्रवाशांपर्यंत ‘क्वाएट कम्फर्ट’ २००० साली पोचला. हे तंत्र सलग, एकसुरी घरघर छान खोडतं. शेजारचा माणूस फोनवर बोलत असेल तर मात्र तितकंसं चालत नाही. तिथे घट्ट बसलेलं रबर अधिक कामाचं.

मग आलं २०१६. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा पाण्याच्या भावात मिळू लागला. ७ सप्टेंबरला ॲपलने आयफोन ७ दाखवला, ज्याला इअरफोनची खाच नव्हती. दोन दिवसांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींनी आपलं ऐकणं पुरतं बदललं. एकीकडे कोट्यवधी लोक दिवसभर काहीतरी ऐकू-पाहू लागले. दुसरीकडे वायर जाऊन कानात दोन बॅटऱ्या आल्या. फोनवर मोठ्याने व्हिडिओ लावणाऱ्यांचा त्रास इतका वाढला की २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या ‘बेस्ट’ला बसमध्ये हेडफोनविना आवाज लावायला मनाई करावी लागली.

बिनवायरीची सोय मी नाकारत नाही. पण त्या इवल्या बॅटऱ्या काही वर्षांत दमतात, बहुतेक जोड्यांमध्ये त्या बदलता येत नाहीत, आणि चांगला चालणारा ध्वनिघटक कचऱ्यात जातो. वायरीचा इअरफोन वायर बदलून पुढे वर्षानुवर्षं चालतो. याच काळात चीनमधल्या केझेड, मूनड्रॉप अशा कंपन्यांनी असे आयईएम दीड-दोन हजारांत आणून ठेवले की आधी दहा हजारांतही तसा आवाज मिळत नव्हता. येरून ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली, कानावरचे आणि कानातले दोन्ही. किंमत आणि ध्वनीची मोजलेली प्रत यांचा संबंध त्याला सापडला नाही. दुकानात उभं राहून खिशात हात घालताना हे आठवावं.

कोविडच्या टाळेबंदीत पारडं पुन्हा कानावरच्या हेडफोनकडे झुकलं. घरून काम, घरून शाळा, तासन् तास. कानात रबर घालून इतका वेळ बसवत नाही. कानात दडा बसतो, स्वतःचंच बोलणं आणि चावणं घुमतं. मोठा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन तिथे सुखाचा. शिवाय त्याचा आवाज कानाच्या पाळीच्या घड्यांवरून वळून आत जातो, जसा खऱ्या मैफलीत जातो. कानातला इअरफोन ही पाळी ओलांडूनच आत शिरतो, म्हणून त्यात गायक बरेचदा आपल्या कपाळाच्या मागे बसून गातो. शांत घरात, रात्री, उघड्या हेडफोनवर किशोरीताईंचा आलाप ऐकताना स्वराभोवती जी हवा जाणवते, ती मला आजवर कुठल्याही आयईएममध्ये मिळालेली नाही.

पण आपलं हवामान कानावरच्या हेडफोनवर दयामाया करत नाही. गाद्यांवर बहुधा रेक्झिनसारखं कृत्रिम कातडं असतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामात ते आतून सुटतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे काळे पापुद्रे गालावर, कॉलरवर चिकटू लागतात. घेण्याआधी त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का हे विचारा. कापडी किंवा वेलवेटच्या मिळाल्या तर उत्तम. चष्म्याची काडी गादीखाली फट ठेवते. कानात कुड्या किंवा झुबे असतील तर बंद हेडफोनचा दाब अर्ध्या तासात नकोसा होतो, आणि हे हेडफोन बनवणाऱ्यांच्या फारसं ध्यानात आलेलं दिसत नाही. कानातल्या इअरफोनची बाजूही निर्धोक नाही. आंघोळीनंतर ओल्या कानात रबर कोंबलं की आतला ओलावा अडकतो, आणि आपल्या पावसाळ्यात कानात बुरशी धरायला तेवढं पुरतं. कान कोरडा करून मगच घालायचं, रबरं साबणाच्या पाण्याने धुवायची आणि ती दुसऱ्याला द्यायची नाहीत.

आणि तो वॉकमनच्या दिवसांपासूनचा आवाज वाढवायचा हात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब साधा आहे: ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०. रोज दोन तास लोकलमध्ये गोंगाटावर मात करत ९० च्या पुढे ऐकणारा माणूस आठवड्याचा वाटा पहिल्या दोन दिवसांतच संपवतो. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. त्यामुळे बाहेरचा आवाज अडवणं ही चैन नसून कान टिकवायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. घट्ट बसलेल्या इअरफोनवर आवाज आपोआप कमी ठेवला जातो. मात्र रस्ता आणि रूळ ओलांडताना ते काढलेच पाहिजेत, दोन्ही कानांतून.

तेव्हा ज्यांचं बहुतेक ऐकणं प्रवासात होतं त्यांनी दीड-दोन हजारांचे, वायर बदलता येणारे आयईएम घ्यावेत आणि वर थोडे पैसे वेगवेगळ्या मापांच्या रबरांवर आणि फोमवर खर्च करावेत. शांत घरात ऐकणाऱ्यांनी उघडा हेडफोन घ्यावा. घरात वर्दळ असेल आणि तासन् तास काम करायचं असेल तर बंद, गाद्या बदलता येणारा हेडफोन बरा. ज्यांचा कान वाहत असेल, खाजत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल त्यांनी कानात काहीही घालू नये, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. आणि दोन्ही घेण्याइतके पैसे असतील तर एका महागड्या जोडीऐवजी दोन साध्या घ्या: एक बॅगेत, एक घरी.