स्वयंपाकघरातील जुनी कपाटे काढताना धुळीपासून जपा

दिवाळीआधी किंवा मुलांच्या सुट्टीत अनेक घरांत स्वयंपाकघराचे काम निघते. सुतार सकाळी येतो, जुनी कपाटे उखडतो आणि घरातले कोणीतरी लगेच झाडू हातात घेते. चूक होते ती नेमकी इथे. त्या रात्री घरातल्या दम्याच्या रुग्णाला धाप लागली, तर त्याचे खापर बहुतेक वेळा हवामानावर फोडले जाते.

पंधरा-वीस वर्षे न हललेल्या कपाटामागची धूळ म्हणजे नुसती माती नसते. झुरळांची विष्ठा आणि मेलेल्या झुरळांचे तुकडे यांतील प्रथिने दम्याचा झटका आणू शकतात. सिंकखालच्या फुगलेल्या प्लायवर बुरशी असते. उंदरांचा वावर असेल तर लेंड्या आणि लघवीतून जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. टाइल्स, ग्रॅनाइट किंवा भिंतीचा गिलावा फोडला की त्यात सिलिकाचे सूक्ष्म कणही मिसळतात.

जुन्या ऑइलपेंटकडे विशेष लक्ष द्या. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली लाकडी कपाटे कोरडी घासू नका. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि दमा किंवा सीओपीडीचे रुग्ण यांनी तोडफोडीपासून साफसफाई संपेपर्यंत नातेवाइकांकडे राहणे उत्तम. दम्याचा रोजचा इन्हेलर या दिवसांत मुळीच चुकवू नये.

काम सुरू होण्यापूर्वी

धान्य, भांडी आणि पिण्याचे पाणी दुसऱ्या खोलीत हलवा. स्वयंपाकघराच्या दाराला प्लास्टिक लावा, खिडकी उघडी ठेवा, छताचा पंखा बंद ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर न्या. पाइप गॅस असेल तर त्या नळीला सुताराने हात लावू नये, गॅस कंपनीचा माणूस बोलवावा. वरच्या कपाटामागून वायर कुठून गेली आहे हे सहसा कोणालाच आठवत नाही, त्यामुळे एमसीबी बंद करूनच स्क्रू काढावेत.

भिंतीवरचे कपाट दिसते त्यापेक्षा बरेच जड असते. आधी आतले सामान, मग दारे आणि फळ्या काढा. शेवटचे स्क्रू काढताना दुसऱ्या माणसाने ते खालून धरलेच पाहिजे.

साफसफाई

रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क बारीक धूळ अडवत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ वापरा आणि सुतारालाही द्या. तो तर हीच धूळ रोज खातो. कोरडा झाडू नको, आधी पाणी शिंपडून मग ओल्या फडक्याने पुसा. लेंड्या दिसल्यास हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे मिश्रण त्यांवर फवारा, पाच मिनिटे थांबा आणि मग टिपून घ्या. या ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

फळीतला गंजका खिळा पायात घुसला, तर हळद भरून पट्टी बांधण्याची आपली सवय आहे. ती सोडा. वाहते पाणी आणि साबणाने जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या शेवटच्या डोसला पाच वर्षे होऊन गेली असतील, तर अशा जखमेनंतर बूस्टर लागतो. पूर्वीचे डोस पूर्ण झालेले नसतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

इन्हेलर घेऊनही धाप कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते.