कीटकाहाराची आशा कुठे फळली?

मे 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने खाद्य कीटकांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. माणूस 1,900 हून अधिक जातींचे कीटक खातो आणि तेवढ्याच प्रथिनांसाठी रातकिड्यांना गुरांच्या सुमारे बाराव्या हिश्श्याइतकं खाद्य पुरतं, हे त्यातले मुद्दे जगभर गाजले. पुढे भांडवलाचा ओघ युरोपातल्या कारखान्यांकडे वळला. 2021 मध्ये युरोपीय संघाने मीलवर्म अळीला अन्न म्हणून पहिली परवानगी दिली. पण ग्राहक फारसे वळले नाहीत, मोठ्या उद्योगांनी मुख्यतः पशुखाद्याची वाट धरली. फ्रान्समधल्या ‘इन्सेक्ट’ या बड्या कंपनीला 2024 मध्ये न्यायालयीन संरक्षण मागावं लागलं. एवढ्यावरून ही कल्पनाच फसली म्हणणं मात्र घाईचं होईल.

थायलंडचा अनुभव वेगळा आहे. तिथे लोक कीटक आधीपासूनच आवडीने खात. 1998 च्या सुमारास खोन केन विद्यापीठाने शेतकऱ्यांना रातकिडे पाळायला शिकवलं आणि 2013 पर्यंत रातकिडे पाळणारे असे शेतकरी सुमारे 20,000 झाले. घरामागे सिमेंटचे हौद, आत लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, खायला कोंबडीखाद्य, काढणीआधी भोपळा किंवा पालेभाजी. दीड महिन्यात माल तयार. 2017 मध्ये सरकारने या पालनासाठी मानकही ठरवलं.

कीटकाहारावरचे आक्षेप खरे आहेत. कोंबडीखाद्यावरच रातकिडे वाढवले तर बचत कितीशी? 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना आढळलं की खाद्यातून प्रथिनं मिळवून देण्यात रातकिडे कोंबडीपेक्षा फारसे सरस नाहीत आणि निकृष्ट कचऱ्यावर नीट वाढतही नाहीत. म्हणूनच स्थानिक पाला आणि शेतातल्या उरल्यासुरल्या मालावरचं संशोधन आधी हवं. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना कीटकही बाधू शकतात. तिथे वेष्टनावर ठळक सूचना हवीच. आफ्रिकेच्या दक्षिण भागात मोपाने अळ्यांची बेसुमार वेचणी झाली, तेव्हा रानातल्या कीटकांना संरक्षण लागतं. राहिली किळस, ती सवयीची बाब आहे. बस्तरमध्ये आणि आपल्या गडचिरोलीत लाल मुंग्यांची चटणी खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच ‘काई’ चटणीला तर 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

इतक्या वर्षांचा हिशेब स्पष्ट आहे: खाण्याची रीत जिथे आधीच होती, तिथेच पालन टिकलं आणि गरिबाच्या हाती पैसा आला. पोटभर खाणाऱ्या श्रीमंतांचं मन वळवण्यावर खर्च होणारा पैसा आणि अभ्यास, हे अन्न पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्यांकडे वळवावा. अन्नसुरक्षेची खरी गरज त्यांनाच आहे.