अपडेट अडकलं म्हणून फॉरमॅट मारू नका

पलूस तालुक्यातला अकरावीतला एक मुलगा. घरी चार एकर ऊस, वडील तोडणीच्या टोळीची वाट बघत बसलेले, आणि हा पोरगा रात्री संगणकावर दुसराच ऊस लावतो. गेमचं नाव फार्मिंग सिम्युलेटर २२. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरनं २००८ साली ही मालिका सुरू केली. ऊस तिच्यात आला तो २०१७ मध्ये, फार्मिंग सिम्युलेटर १७ च्या प्लॅटिनम आवृत्तीबरोबर. गेममध्येही ऊस एकदा लावला की तोडणीनंतर खोडवा आपोआप फुटतो, आणि त्या मुलाला याचंच भारी कौतुक होतं. दोन वर्षं खपून त्यानं शेती उभी केली होती. एका रात्री त्याचा फोन आला.

“काका, अपडेट अडकलंय. दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारावं लागंल. माझं रान जाईल का?”

त्याचं रान गेलं नाही, ते कसं वाचलं हे पुढे येईलच. पण नात्यातल्या, शेजारपाजारच्या मुलांचे अडकलेले गेम सोडवून देताना मी उलटंही पाहिलंय. फोन फॉरमॅटनंतर येतो, आणि मग करण्यासारखं फारसं काही उरत नाही. कोरेगावच्या एका मुलीची वर्षभराची मेहनत अशीच गेली. तिचा गेम दुरुस्त होण्यासारखा होता.

नव्या अवजाराबद्दल गैरसमज पसरणं आपल्या भागाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि सुरुवातीला तो कुणी विकत घेईना. पुढे १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसली. ती आज याच पलूस तालुक्यात आहे. लोकांनी नांगर रानात घालून बघितला, तेव्हा कुठे ती समजूत गेली. अपडेटच्या बाबतीतही स्क्रीनवर काय लिहिलंय ते एकदा नीट वाचून बघितलं, तर निम्मी भीती तिथेच संपते.

“नेट स्लो आहे म्हणून अडकलंय”

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि बऱ्याचदा ते चुकीचं असतं. आपल्याकडे बहुतेक मुलं हे गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतात. स्टीमचं डाउनलोडचं पान उघडलं की त्यात एक आलेख दिसतो. त्यातल्या उभ्या पट्ट्या म्हणजे नेटचा वेग, आणि वरून धावणारी रेघ म्हणजे डिस्कचं काम. पट्ट्या शून्यावर आल्या आणि रेघ मात्र वरखाली होत राहिली, तर अपडेट अडकलेलं नाही. उतरवून घेतलेला माल जागेवर बसवण्याचं काम चालू आहे.

हे काम समजून घेण्यासारखं आहे. स्टीम गेमच्या फाइलींचे साधारण एकेक एमबीचे तुकडे करतं आणि जेवढे तुकडे बदलले तेवढेच पाठवतं. म्हणून अपडेट २ जीबीचं दिसतं. पण बदललेला तुकडा १५ जीबीच्या एखाद्या मोठ्या फाइलीच्या पोटात असेल, तर ती अख्खी फाइल नव्यानं जुळवावी लागते. जुनी फाइल वाचायची, नवे तुकडे मध्ये घालायचे, शेजारी दुसरी फाइल लिहायची आणि सगळं झाल्यावर जुनी काढून टाकायची. एसएसडी असेल तर हे काही मिनिटांत उरकतं. पण आपल्याकडच्या, सुटे भाग जुळवून घेतलेल्या संगणकांत बहुतेकदा विंडोज लहान एसएसडीवर असतं आणि गेम डी ड्राइव्हवरच्या जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर. तिला या कामाला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. तेवढ्या वेळात नेटच्या पट्ट्या शून्यावर बघून कुणीतरी राउटर बंद-चालू करतं, कुणी संगणकाचं बटणच दाबून धरतं. नीट चाललेलं अपडेट फसतं ते तिथे.

नेटच्या वेगाचीही एक गोष्ट सांगून टाकतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये सेकंदाला १०० एमबी उतरत नाहीत. प्लॅन बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त साडेबारा एमबी. १० जीबीच्या अपडेटला सगळं सुरळीत असतानाही तेरा-चौदा मिनिटं लागणारच. यात कुणी कुणाला फसवत नाही.

“दोन जीबीचं अपडेट आहे, सहा जीबी जागा आहे की”

पलूसच्या मुलाचंही हेच म्हणणं होतं. त्याच्या डी ड्राइव्हवर सहा जीबी मोकळी होती आणि स्क्रीनवर ‘डिस्क राइट एरर’ असं येत होतं. दुकानदारानं त्याचा अर्थ ‘डिस्क गेली’ असा लावला. खरं तर त्याचा अर्थ एवढाच की लिहायला गेलो आणि लिहिता आलं नाही. ते जागा नसल्यामुळे असेल, परवानगी नसल्यामुळे असेल किंवा डिस्क खरोखर खराब असल्यामुळे. हार्डडिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते, पण ते कारण सगळ्यात शेवटी तपासायचं. वर सांगितल्याप्रमाणे जुनी आणि नवी फाइल काही काळ शेजारी शेजारी राहतात, म्हणून अपडेटच्या आकाराच्या कितीतरी पट जागा लागते. लग्नाचे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर हलवून त्यानं चाळीस जीबी मोकळी केली आणि अपडेट पुढे सरकलं.

डिस्कच्या खोक्यावर २४० जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज २२३ दाखवतं. मोजण्याच्या दोन पद्धतींमुळे हा फरक पडतो. जागेचा हिशेब नेहमी विंडोजच्या आकड्यावर करावा.

“सगळं काढून पुन्हा टाकू या”

ज्याच्या घरी फायबर आहे त्याला हे परवडेल. पण पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरातल्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीच्या मर्यादेत गेम उतरवणाऱ्या मुलाचा यात महिना जातो. पन्नास जीबी पुन्हा उतरवायला सांगणं म्हणजे गेम सोडून दे म्हणण्यासारखंच आहे.

त्याची गरजही नसते. स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, तिथे ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’मध्ये ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी ऑफ गेम फाइल्स’ असं बटण आहे. ते प्रत्येक फाइल मूळ प्रतीच्या खुणेशी ताडून पाहतं आणि जी बिघडली तेवढीच पुन्हा मागवतं. शेकडो फाइलींत दोन खराब असतील तर दोनच येतात. त्यानंही भागलं नाही तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘क्लिअर डाउनलोड कॅश’ आहे. ते केल्यावर पुन्हा लॉगिन करावं लागतं, म्हणून पासवर्ड आधी आठवून ठेवावा. ‘कंटेंट फाइल लॉक्ड’ असं आलं, तर कुठलं तरी दुसरं सॉफ्टवेअर ती फाइल धरून बसलंय. बहुतेकदा तो अर्धवट बंद झालेला गेमच असतो किंवा अँटिव्हायरस. संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू केला की पुष्कळदा सुटतं. अँटिव्हायरस कायमचा बंद करून टाकू नये, गेमच्या फोल्डरपुरती सूट द्यावी.

क्रॅक केलेल्या गेमला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. त्यातल्या फाइली मुळातच बदललेल्या असतात, ताडून पाहायला मूळ प्रत नसते, आणि त्याच्या ‘अपडेट’च्या नावाखाली काय येतं हे कुणीच सांगू शकत नाही. पोरांनो, सेल लागेपर्यंत थांबा, पण विकत घेऊनच खेळा.

“फॉरमॅट मारला की सुटतं”

नुसता गेम अनइन्स्टॉल केल्यानं सहसा शेती जात नाही, फॉरमॅटनं जाते. लोकांना मात्र भीती अनइन्स्टॉलची वाटते आणि फॉरमॅटला ते बिनधास्त होकार देतात.

कारण असं, की गेम एका जागी असतो आणि तुमची मेहनत दुसऱ्या जागी. फार्मिंग सिम्युलेटर २२ ची शेती ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘माय गेम्स’, त्यात ‘फार्मिंगसिम्युलेटर२०२२’ या फोल्डरात असते. युरो ट्रक सिम्युलेटर २ चं करिअरही सहसा डॉक्युमेंट्समध्येच, ‘प्रोफाइल्स’मध्ये. गेम डी ड्राइव्हवर असला तरी डॉक्युमेंट्स सहसा सी ड्राइव्हवर असतं, आणि दुकानात फॉरमॅट मारतात तो सी ड्राइव्हच. “डीला हात लावला नाही, तुमचं सगळं आहे” असं दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो, आणि घरी येऊन बघावं तर रान साफ. कोरेगावला हेच झालं.

फार्मिंग सिम्युलेटर त्याच फोल्डरात ‘सेव्हगेमबॅकअप’ नावानं शेतीच्या जुन्या प्रतीही ठेवतो. सेव्ह फाइल बिघडली तर त्यातली प्रत परत आणता येते. फॉरमॅटमध्ये मात्र तीही जाते.

“मॉडचा काय संबंध? काल तर चालत होता”

पलूसचं अपडेट पूर्ण झालं, पण गेम उघडताना लोडिंगवरच थांबायला लागला. मुलगा रडकुंडीला आला. इथे मी त्याला एकच फाइल उघडायला सांगितली: त्याच माय गेम्सच्या फोल्डरातली ‘लॉग’ नावाची साधी मजकुराची फाइल. गेम सुरू होताना काय काय केलं आणि कुठे ठेच लागली, हे तो त्यात ओळीओळीनं लिहीत जातो. ‘एरर’ शब्द शोधायला सांगितला. तो एका ट्रॉलीच्या मॉडपाशी सापडला. कुणीतरी हौसेनं बनवलेली ती उसाची ट्रॉली जुन्या आवृत्तीसाठी होती. अपडेटनं गेमचे नियम बदलले, ट्रॉली मात्र जुन्याच नियमांवर राहिली.

मॉड म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी नव्हे, तर खेळणाऱ्यांनी घातलेली भर. युरो ट्रकमध्ये भारतीय बस आणि नवे नकाशे घालून खंबाटकीसारखे घाट चालवायची हौस आपल्याकडे खूप आहे, आणि अपडेटनंतर सगळ्यात आधी मोडतात ते हेच नकाशे. तपासायची रीत सोपी आहे. फार्मिंग सिम्युलेटरमध्ये ‘मॉड्स’ फोल्डरचं नाव बदलून ‘मॉड्स जुने’ करा आणि गेम सुरू करा. चालला, तर अपडेट चांगलं आहे, दोष मॉडमध्ये आहे. मग थोडे थोडे मॉड परत आणायचे. मॉडशिवाय उघडलेली शेती मात्र त्याच जागी सेव्ह करायची नाही, नाहीतर मॉडची अवजारं शेतीतून कायमची निघून जातात. ज्या मॉडला नवी आवृत्ती अजून आलेली नाही, त्यासाठी युरो ट्रकमध्ये प्रॉपर्टीजच्या ‘बीटाज’मधून गेमची जुनी आवृत्ती निवडता येते. पण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं करिअर जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही, म्हणून आधी कॉपी.

ट्रॉली काढली आणि तिसऱ्या मिनिटाला खोडवा दिसला.

“वीज गेली, आता संगणकच गेला”

वळवाचा पाऊस आणि जाणारी वीज आपल्या पाचवीला पुजलेली. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मदरबोर्डच्या बायोसचं अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड खरंच निकामी होऊ शकतो. गेमच्या अपडेटनं तसं होत नाही. फार तर काही फाइली अर्धवट राहतात आणि वरच्या व्हेरिफायनं त्या भरून निघतात. घरी इन्व्हर्टर असेल तर तो ‘यूपीएस मोड’वर आहे ना, एवढं बघा. साध्या मोडवर वीज बदलताना लागणाऱ्या क्षणात संगणक बंद पडू शकतो.

“आपलंच काहीतरी चुकलं असणार”

१९ नोव्हेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आला. हा गेम जमिनीचं चित्र बऱ्याच अंशी इंटरनेटवरून मागवत राहतो. पहिल्याच दिवशी जगभरचे लोक लोडिंगच्या ९७ टक्क्यांपाशी खिळून बसले. मायक्रोसॉफ्टचे यॉर्ग नॉयमन आणि गेम बनवणाऱ्या असोबो स्टुडिओचे सेबास्टियन व्लॉख यांनी व्हिडिओ काढून कारण सांगितलं. २ लाख काल्पनिक वापरकर्त्यांवर यंत्रणा तपासली होती, पण खऱ्या गर्दीपुढे माहिती पुरवणारी कॅश कोलमडली. त्या दिवशी कुणी गेम काढून पुन्हा टाकला असेल, तर त्याची मेहनत फुकट गेली. उपाय फक्त थांबण्याचा होता. स्टीमचीही आठवड्याची देखभाल सहसा भारतीय वेळेनुसार बुधवारी पहाटे असते. तेव्हा काही चालेनासं झालं तर तासाभरानं बघावं.

एका बाबतीत मात्र थांबून उपयोग नाही. स्टीमनं विंडोज ७ आणि ८ चा आधार १ जानेवारी २०२४ पासून काढून घेतला. ऑफिसातून आलेल्या जुन्या संगणकांवर अजून विंडोज ७ दिसतं. तिथे अपडेट फसण्याचं कारण शोधत बसू नये, आधी विंडोज बदलावं. आणि ते बदलताना फॉरमॅट लागणारच असेल, तर त्याच्या आधी डॉक्युमेंट्स बाहेर काढावं.

तुमच्या घरात असा गेम खेळणारं कुणी असेल, तर आज रात्रीच त्याच्याबरोबर बसा, डॉक्युमेंट्स फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि पेनड्राइव्हवर तारीख लिहा. आणि संगणक कधी दुकानात न्यावाच लागला, तर ‘फॉरमॅटच्या आधी डॉक्युमेंट्सची कॉपी घ्या’ हे तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवून द्या.