जुना कॉम्प्युटर, नवा कारभारी

घणसोली गावातल्या आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे. 2014 साली घेतलेला. पोरांचा अभ्यास, घरातले फोटो, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे कागद, सारे त्यात ठेवलेले. 2025 साली त्याच्या पडद्यावर सारखी एक सूचना येऊ लागली. दुकानदार म्हणाला, "दादा, हा जुना झाला. आता नवा घ्या." नवा म्हणजे पस्तीस-चाळीस हजार रुपये! यंत्र तर धड चालत होते. मग बिघडलं काय?

बिघडलं काहीच नव्हतं. मोठ्या वाड्यात कारभारी असतो, ठाऊक आहे ना? कोणी कोणतं काम करायचं, सामान कुठे ठेवायचं, दारात आलेल्याला आत घ्यायचं की नाही, हे तो पाहतो. कॉम्प्युटरमध्येही असा कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तो यंत्राचा भाग नव्हे. त्या लिहून ठेवलेल्या सूचना असतात. म्हणूनच यंत्र तेच ठेवून कारभारी बदलता येतो.

आमचा कारभारी होता विंडोज 10. तो मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचा. कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी त्याची नेहमीची देखभाल थांबवली. तो काम करतच राहतो. पण चोरांनी नवी युक्ती काढली, तर त्याला सावध करणारे कोणी नाही. आणि नवा विंडोज 11 इतक्या जुन्या यंत्रावर कंपनीच्या नियमात बसत नाही.

मग आम्ही लिनक्स बसवला. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 1991 साली त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. तो फुकट मिळतो. कोणीही तो उघडून पाहावा, सुधारावा, शेजाऱ्याला द्यावा. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतो, बरं का!

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. आपल्या खारघर स्टेशनासमोर सी-डॅक या सरकारी संस्थेचे कार्यालय आहे. याच संस्थेने 2007 साली बॉस नावाचा लिनक्स काढला. त्यात मराठीही आहे.

बदल करायचा कसा? लिनक्स एका पेनड्राइव्हवर घ्यायचा. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करायचा. आतल्या कशालाही हात न लावता लिनक्स चालवून पाहता येतो. आवाज येतो का, वायफाय लागते का, मराठी लिहिता येते का, ते आधी पाहावे. पटले तरच कायमचा बसवावा.

इथे आमची चूक झाली. ती तुम्ही करू नका. कायमचा बसवताना "सगळी डिस्क पुसू का?" असा प्रश्न येतो. भूखंडाचे कागद आम्ही दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. वाटलं, झालं सगळं. आम्ही 'हो' म्हटलं. पण आईचे फोटो दुसऱ्या कप्प्यात होते. तो कप्पा आम्ही उघडलाच नव्हता. अर्ध्या तासात सारं पुसलं गेलं. थोडे फोटो बहिणीच्या फोनमध्ये सापडले. आई खाडीवर जाळं विणत बसलेली, तो फोटो मात्र गेला तो गेलाच. तेव्हा प्रत्येक कप्पा उघडा. दोन ठिकाणी उतरवून घ्या. उतरवलेलं उघडून पाहा. मगच 'हो' म्हणा.

आणखी एक. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराने घाई करू नये. ते विंडोजसाठी केलेले आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी पत्रेही लिनक्सवर अगम्य दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये करून घ्यावी लागतात. असे काम असेल तर दोन्ही कारभारी एकाच यंत्रात ठेवता येतात. सुरू करताना विचारणा होते, कोणाला बोलावू? मात्र जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नये.

आमच्याकडे प्रिंटर दोन दिवस रुसला होता. शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने येऊन तो जोडून दिला, चहा पिऊन गेला. आता पोरगी त्याच कॉम्प्युटरवर दहावीचा अभ्यास करते. रात्री तिची आजी, म्हणजे आमच्या सासूबाई, त्यावर पत्त्यांचा डाव मांडून बसतात. कारभारी बदलला, हे त्यांना अजून ठाऊक नाही.